भिंतीवरच्या बटणावरून

कंपनीत त्याला सगळे टेस्टर म्हणत. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर खोचलेला असे हे एक कारण, आणि कोणी काहीही सांगितलं तरी स्वतः तपासून पाहिल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे हे दुसरं. बायको म्हणाली की बाहेर ऊन आहे, तर हा खिडकीतून हात बाहेर काढून बघणार. घरातले दिवे फोनवरून चालवायची यंत्रणा बसवायची आणि ती बिघडली की दुरुस्त करायची, हे त्याचं काम. अकरा वर्षं तो ते करत होता.

दुरुस्ती झाली की एक छापील कागद भरावा लागे. त्यावर बिघाडाच्या कारणांचे पाच चौकोन होते. वायरिंग, सुटा भाग, इंटरनेट, सेटिंग आणि सगळ्यात खाली 'वापरणाऱ्याची चूक'. हा शेवटचा चौकोन म्हणजे कारागिरांची हक्काची पळवाट. डोकं खाजवून खाजवून बिघाड सापडला नाही की तिथे टिक करायची, सही घ्यायची आणि घरी जायचं. तक्रार बंद. म्हातारी माणसं तर या चौकोनात फार सहज मावत. टेस्टरने अकरा वर्षांत तिथे एकदाही टिक केली नव्हती आणि हे तो गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा सांगत असे. सहकारी त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवत.

गल्लीच्या टोकाच्या दुमजली घराची तक्रार त्याच्याकडे आली ती याच लौकिकामुळे. कागदावर एवढंच लिहिलं होतं, की दुपारी चारच्या सुमारास दिवे आपोआप लागतात.

दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका ताठ कण्याच्या बाईंनी. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात शाळकरी वही.

"आजी, दिव्यांचं बघायला आलोय."

"आजी मी नातवाची. तुम्ही काकू म्हणा."

काकूंनी चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. अजूनही त्या वेळ सांगायच्या ती मिनिटासकट. वहीत त्यांनी तारखेनुसार सगळं लिहून ठेवलं होतं, रेघा आखून, टपोऱ्या अक्षरात. पहिल्या आठवड्यात रोज चार दहाला फाटकावरचा दिवा. पुढच्या सोमवारपासून फाटक, आणि तीन मिनिटांनी पोर्चमधला. त्याच्या पुढच्या सोमवारपासून फाटक, पोर्च, आणि चार सोळाला हॉल. रविवारीही सुट्टी नव्हती.

टेस्टरने यंत्रणेतली नोंद काढली. कोणता दिवा कधी लागला आणि कशावरून लागला, हे तिच्यात आपोआप लिहिलं जातं. फोनवरून, सेन्सरवरून, की भिंतीवरच्या बटणावरून. नोंद आणि काकूंची वही यांच्यात एका मिनिटाचाही फरक नव्हता. आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहिलं होतं, भिंतीवरच्या बटणावरून.

"म्हणजे कोणीतरी बटण दाबतंय," तो म्हणाला.

"मुलगाही तेच म्हणतो. तो म्हणतो, मी दाबते आणि विसरते."

मुलगा दुसऱ्या शहरात दातांचा डॉक्टर होता. आईला अंधारात ठेच लागू नये म्हणून त्यानेच हे दिवे बसवून घेतले होते, आणि दवाखान्यात बसल्या बसल्या आईच्या घरात कुठे दिवा जळतोय हे त्याला फोनवर दिसत असे. भर दुपारी तीन-तीन दिवे पाहून तो धास्तावला होता. त्याने आईला महिन्याची मुदत दिली होती. हे थांबलं तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि आईने त्याच्याकडे यायचं, कायमचं.

"मुलाकडे जायला काय हरकत आहे?" टेस्टरने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"हरकत काही नाही. सून चांगली आहे. नातवाच्या खोलीत माझी घडीची खाट टाकतात. तो अभ्यासाला बसला की मी हॉलमध्ये जाते, हॉलमध्ये कोणी आलं की परत खोलीत. दिवसभर कोणाच्या तरी पायात पायात." त्यांनी वही मिटली. "इथे मी कोणाच्या वाटेत नसते. तुम्ही बिघाड शोधा. बाकी मी बघते."

टेस्टरला त्या एकदम आवडून गेल्या. बिघाड शोधायचाच, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

त्या दिवशी त्याने तिन्ही बटणांमागची यंत्रं बदलली. वायरी ओढून पाहिल्या, ओल कुठे मुरली आहे का ते पाहिलं. फाटकाच्या खांबावरच्या बटणाला झाकण बसवून त्याला लहानसं कुलूप लावलं, म्हणजे रस्त्यावरच्या एखाद्या उपद्व्यापी माणसाचा हात पोचायला नको. निघताना तो काकूंना म्हणाला, "आता लागला तर नाव बदलीन."

दुसऱ्या दिवशी चार वाजून सतरा मिनिटांनी काकूंचा फोन आला. "काय नाव ठेवू?" त्यांनी विचारलं.

दोन आठवड्यांनी तो परत गेला तेव्हा जिन्याच्या पायथ्याचा आणि जिन्याच्या माथ्याचा असे आणखी दोन दिवे रांगेत आले होते. कुलपाला हात लागलेला नव्हता. त्याने घराचा नकाशा कागदावर काढला आणि वायरिंगची वाट त्यावर निळ्या पेनाने आखली. बिघाड वायरीतून सरकत असेल तर तो वायरीच्या क्रमाने सरकायला हवा. पण हॉलनंतर वायर स्वयंपाकघराकडे जात होती, आणि स्वयंपाकघरातला दिवा एकदाही लागला नव्हता. बराच वेळ तो त्या कागदाकडे बघत राहिला. दिवे लागत होते ते फाटकातून आत येऊन, पोर्च आणि हॉल ओलांडून, जिना चढणाऱ्या माणसाच्या क्रमाने. तोही जपून, दमादमाने चढणारा.

हे तो काकूंशी बोलला नाही. त्याने हॉलमधलं बटणच भिंतीतून काढलं, त्याच्या वायरी तोडून टोकांना टेप गुंडाळली आणि बटण आपल्या पिशवीत टाकलं. भिंतीत नुसतं चौकोनी भोक राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर नोंद आली. चार सोळा, हॉल, भिंतीवरच्या बटणावरून.

त्याने पिशवी उघडून ते बटण बाहेर काढलं. पिशवीत टाकताना ते बंद होतं हे त्याला पक्कं आठवत होतं. आता ते चालू होतं. अवजारांचा धक्का लागून असं होऊ शकतं, असं त्याने स्वतःला समजावलं. बायको म्हणाली, "काय झालं? तोंड का असं झालंय?" तो म्हणाला, "काही नाही, डोकं दुखतंय." मग तो गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि त्याचं डोकं खरंच दुखायला लागलं.

सातव्या आठवड्याच्या शनिवारी तो तिसऱ्यांदा गेला. दुसऱ्या दिवशी महिन्याची मुदत संपत होती आणि डॉक्टर येणार होता. आदल्या फेरीतलं बटण त्याने पुन्हा भिंतीत बसवलं. मग सगळ्या बटणांवर एकेक पट्टी पारदर्शक टेप लावली. घरात या वाटेवर एकूण आठ दिवे होते. सातवा काकूंच्या झोपायच्या खोलीतला, छताला. आठवा त्यांच्या उशाजवळचा, छोट्या टेबलावरचा. दुपारी चार ते पाच काकू त्या पलंगावर आडव्या होत. सकाळच्या ड्यूटीची चाळीस वर्षांची सवय होती ती.

"या सोमवारी मी पलंगावरच होते," काकू म्हणाल्या. "चार अठ्ठावीसला डोक्यावरचा दिवा लागला. दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं."

"मग?"

"मग काय, पाचला उठून चहा केला."

"तुम्ही खाली झोपत जा ना."

"खाली चार दिवे लागतात. कुठे झोपू, ते सांगा."

"मी मेन स्विच बंद करून ठेवतो. एकही दिवा लागणार नाही."

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. "दिवे बंद केले तर आपल्याला कळणार नाही. एवढंच होईल."

टेस्टरला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून राग आला. अकरा वर्षांत त्याला कुठल्याही घरात भीती वाटलेली नव्हती.

"लाइनवर कोणीतरी आहे आणि बोलत नाही, हे ऑपरेटरला कळतं," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "श्वास ऐकू येत नसला तरी कळतं. बाकी मला काही माहीत नाही."

चारला पाच मिनिटं असताना दोघं हॉलमध्ये बसली. काकू खुर्चीवर, टेस्टर एका बुटक्या स्टुलावर, बटणांच्या पाटीसमोर हातभर अंतरावर. दोघांपैकी कोणाचा हात बटणावर नव्हता, हातात फोन नव्हता. काकूंच्या मांडीवर वही होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. शेजारी कोणीतरी बादलीत पाणी सोडत होतं.

"चार दहा," काकू म्हणाल्या.

खिडकीतून फाटकावरचा दिवा दिसला. उन्हात तो जेमतेम ओळखू येत होता.

"चार तेरा."

पोर्चमधला.

पाण्याचा आवाज थांबला. टेस्टरने बटणावरून नजर हलवली नाही. त्याचे डोळे चुरचुरायला लागले, तरी त्याने पापणी लवू दिली नाही.

टेप मधोमध दबली. बोटाच्या पेराएवढा खळगा पडला. मग टक असा आवाज झाला आणि बटण खाली गेलं.

"चार सोळा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी स्थिर होता.

टेस्टरने हात पुढे करून बटणाला स्पर्श केला. बटण कोमट होतं.

पुढची तीन मिनिटं काकू घड्याळ बघत होत्या. हॉल मोठा नव्हता. तो ओलांडायला कोणालाही तीन मिनिटं लागली नसती.

जिन्याच्या पायथ्याशी टक.

टेस्टर उठला. तो जिना चढला, कारण पाहिल्याशिवाय त्याला राहवणार नव्हतं. जिन्याच्या माथ्यावरचा दिवा लागला तेव्हा तो पाचव्या पायरीवर होता. पॅसेजमधला लागला तेव्हा भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याने अंग चोरून घेतलं, कोणाला वाट द्यावी तसं.

चार अठ्ठावीसला खोलीतला दिवा लागला.

आत पलंग होता. चादर नीट ओढलेली. उशी. उशाजवळच्या दिव्याच्या बटणावरची टेप सपाट आणि कोरी होती. दारापासून तिथपर्यंत चार पावलं होती. टेस्टरने ती चालून मोजली नाहीत, दारातूनच मोजली.

सोमवार हा त्या चार पावलांचा दिवस होता.

खाली आला तेव्हा काकू वहीत लिहीत होत्या. त्यांचा चेहरा चक्क उजळला होता. "आता तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत. माझे दोन्ही हात तुमच्यासमोर होते. उद्या एवढंच सांगा त्याला."

"काकू, काही दिवस मुलाकडे जाऊन या."

"एकदा गेले की परत येणं नाही. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे."

"सोमवारी—"

"सोमवारचं सोमवारी बघू. मी वेडी नाही, हे आधी त्याला कळू दे."

त्या संध्याकाळी टेस्टरने सगळ्या बाजूंनी विचार केला. खरं सांगितलं तर डॉक्टर म्हणणार, यंत्रणेत बिघाड आहे, दुसऱ्या कंपनीचा माणूस आणू. तो माणूस येईपर्यंत आठवडा जाणार आणि काकू सोमवारी चार वाजता त्या पलंगावर आडव्या होणार. बिघाड सापडला म्हटलं तरी तेच. माहीत नाही म्हटलं तरी तेच. काकूंना उद्याच्या उद्या त्या घरातून बाहेर काढायचा एकच मार्ग होता, आणि तो त्या छापील कागदावर सगळ्यात खाली होता. त्याला जेवण गेलं नाही.

रविवारी डॉक्टर आला. मवाळ बोलणारा, दमलेला माणूस. आईच्या पाया पडला, टेस्टरला खुर्ची दिली. काकू दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या, हातात वही घेऊन, निकाल ऐकायला आल्यासारख्या.

"काय निघालं?" डॉक्टरने विचारलं.

टेस्टरने कागद मांडीवर घेतला. "वायरिंग ठीक आहे. यंत्रं बदलली, तीही ठीक आहेत." त्याने टिक केली. पेन उमटलं नाही, म्हणून पुन्हा केली. "बटणं हातानेच दाबली जात आहेत. काल मी इथे होतो तेव्हाही काकूंनीच दाबली. त्यांच्या लक्षात राहत नाही."

काकूंनी आरडाओरडा केला नाही. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर त्याला सोसला असता. तिथे नुसतं नवल होतं, भरवशाच्या माणसाने भर चौकात ओळख नाकारल्यावर वाटावं तेवढं.

"माझे हात मांडीवर होते," त्या म्हणाल्या.

"असू दे आई," डॉक्टर म्हणाला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी वही लिहिली आहे."

"हो. मी वाचतो नंतर. तू कपडे भर बघू."

दुपारी तीनच्या आत गाडीत सामान भरून झालं. मेन स्विच टेस्टरनेच बंद केला. गाडीत बसताना काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो मान खाली घालून स्कूटरपाशी उभा राहिला. लाज वाटत होती, पण लाजेच्या खाली एक सुटकाही होती, हे त्याने स्वतःशी कबूल केलं.

सोमवारी काम अर्धवट सोडून तो त्या गल्लीत गेला. चार दहाला फाटकावरचा दिवा लागला नाही. तो साडेचारपर्यंत थांबला. घर बंद होतं, वरची खिडकी काळी होती, काहीही झालं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. येताना त्याने बायकोला आवडतात म्हणून पेरू घेतले आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

शुक्रवारी दुपारी तो एका कार्यालयात शिडी लावून काम करत होता, तेव्हा डॉक्टरचा फोन आला.

"तुमचे आभार मानायचे होते," डॉक्टर म्हणाला. मागे दवाखान्यातल्या यंत्राची बारीक घरघर ऐकू येत होती. "तुम्ही स्पष्ट बोललात म्हणून निदान आम्हाला कळलं तरी. नाहीतर आता घाबरूनच गेलो असतो."

"का? काय झालं?"

"इथेही सुरू झालंय तिचं. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात साधे दिवे आहेत, साधी बटणं. मंगळवारी दुपारी तळमजल्याचा दिवा लागलेला होता. बुधवारी तळमजला आणि पहिला. काल दुसऱ्या मजल्याचाही. वॉचमन म्हणतो, जिन्यात कोणी नव्हतं. आई म्हणते, मी नाही. पण आता तिच्याशी वाद घालत नाही आम्ही."

टेस्टर शिडीवरून खाली उतरला.

"तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"तिसऱ्या. का?"

"डॉक्टर, माझं ऐका. मी खोटं लिहिलं. काकूंनी एकही बटण दाबलं नव्हतं. मी समोर बसलो होतो, मी पाहिलंय. त्यांना आत्ताच्या आत्ता तिथून—"

डॉक्टर समजुतीच्या सुरात हसला, रोज घाबरलेल्या माणसांना खुर्चीत बसवणाऱ्याचं हसणं. "आईने तुम्हालाही गळ घातलेली दिसते. मला ती हेच म्हणत होती, त्या माणसाला विचार, तो खरं सांगेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा कागद मी तिच्या डॉक्टरांनाही दाखवलाय, त्यांचंही तेच मत पडलं."

"घरी कोण आहे आत्ता?"

"कोणी नाही. बायको कामावर, मुलगा क्लासला. तीच तर काळजी होती हो. जिन्यात उतरली आणि पडलीबिडली तर? म्हणून आज सकाळी दाराला बाहेरून कुलूप बसवून घेतलं." बोलता बोलता त्याने कोणाला तरी तोंड उघडं ठेवायला सांगितलं. "ती आत सुरक्षित आहे. चावी माझ्या खिशात आहे. सहाला सुटलो की जाऊन उघडतो."